साळूच्या हातचं तेल

आमच्या साळूला कुरकुर सहन व्हायची नाही. दार कुरकुरलं, पाळणा कुरकुरला, की ही उठलीच तेलाची वाटी घेऊन. लग्न होऊन आली त्याच आठवड्यात तिनं घरातल्या सगळ्या बिजागऱ्यांना तेल घातलं, शिलाई मशीनला घातलं, रहाटाच्या चाकाला घातलं, आणि संध्याकाळी सासूबाईंचा गुडघा कटकटला तर तिथंही तेल चोळायला बसली. "ह्ये बी वाजतंय की," म्हणाली. सासूबाई म्हणजे नुसती आग, पण त्या दिवशी पाय पसरून गप बसल्या. मी एवढी थोरली सून, मला त्यांनी कधी पायाला हात लावू दिला नव्हता. मला थोडा रागच आला होता, खरं सांगते.

साळू माझी धाकटी जाऊ. माझ्या धाकट्या दिराची, ज्ञानूची बायको. माहेर जतच्या पलीकडं, कर्नाटकाच्या शिवेला लागून. तिकडं सगळं सपाट माळरान. काही सांडलं, भाजलं की "यव्वा!" म्हणून दोन्ही हात गालांवर ठेवायची, आणि आम्ही लय हसायचो. आमची वाडी म्हणजे पाचगणीच्या खालच्या अंगाला, घाटाच्या पोटात. वर पाचगणी, खाली वाई. इथं हातातून बटाटा सुटला तर तो खालच्या आळीत जाऊन शोधावा लागतो. साळू पहिलं वर्षभर चालताना भिंत धरायची.

मी जाईबाई. माहेर कराडजवळ मलकापूरचं. पाचगणीच्या एका शाळेच्या खानावळीत पुष्कळ वर्षं चपात्या लाटल्या, त्यामुळं माझं बोलणं जरा सुधारलंय म्हणतात. तोंड सुधारलेलं नाही. साळूची गोष्ट मीच सांगायला पाहिजे, कारण ती स्वतः सांगणार नाही, आणि आमचे हे तर त्या विषयावर तोंडच उघडत नाहीत. यांना वाडीत सगळे आबा म्हणतात. फौजेतून पेन्शनीवर आलेले.

आता ज्ञानू. ज्ञानू प्यायचा. गेलेल्या माणसाबद्दल चांगलं बोलावं हे मलाही कळतं, आणि चांगलं बोलायला मी येणारच आहे, पण आधी हे ऐकून घ्या. वाडीतलं दूध गोळा करायचं, सायकलला दोन्ही बाजूंनी किटल्या अडकवायच्या आणि पहाटे घाट उतरून वाईला रतीब घालायचा, हा त्याचा धंदा. परत येताना भाजीच्या टेम्पोत सायकल टाकून यायचा. पैसे हातात रोजचे, आणि वाईत गुत्ताही रोजचाच. संयोगिता झाली तरी सुटेना. एकदा तर पोरीला कडेवर घेऊन उंबऱ्याला अडखळला आणि पोर हातातून निसटता निसटता वाचली. साळू त्या दिवशी ओरडली नाही. पोरीला घेऊन आत गेली आणि कडी लावली.

दुसऱ्या दिवशी सकाळी ज्ञानू अंघोळ करून आला. पोरीच्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाला, "हिची आन घेऊन सांगतो, परत त्वांडाला लावली तर…" पुढचं बोलायच्या आत साळूनं त्याच्या तोंडावर हात दाबला. आमच्याकडं लेकराच्या डोक्यावर हात ठेवून घेतलेली शपथ म्हणजे थट्टा नव्हे. मोडणाऱ्याला काही होत नाही, ज्याच्या डोक्यावर हात ठेवला त्याच्यावर ती फिरते असं सगळे मानतात. आबा तेव्हा अजून फौजेत होते, त्यांना यातलं काही ठाऊक नव्हतं.

आणि ज्ञानूनं ती पाळली. जत्रेत पाळली, लग्नांत पाळली. दोस्त म्हणायचे, "काय रं गड्या, बायकोला भ्यालास व्हय?" तर म्हणायचा, "व्हय, दोघींना भ्यालो." हे चांगलं बोलायचं राहिलं होतं, ते बोलले.

दारू सुटली तसा त्याचा सगळा जीव त्या सायकलवर बसला. घाट उतरायचा म्हणजे ब्रेक सारखा दाबावा लागतो. ब्रेकचं रबर रिमला घासतं, आणि रस्त्यावरचा मुरूम, बारीक कच त्या रबरात रुतते आणि रिमला खरवडत राहते. वरून किटल्यांचं ओझं. वाईच्या सायकलवाल्यानं त्याला सांगितलं होतं, रिम कडेनं पातळ होत चाललीय, जप, नाहीतर एक दिवस घाटातच फाटंल. तेव्हापासून ज्ञानू रोज संध्याकाळी ओट्यावर सायकल घेऊन बसायचा. दाभणानं रबरात रुतलेले खडे एक-एक टोकरून काढायचा. रिम पाण्यानं धुवायची, कोरड्या फडक्यानं पुसायची. ब्रेक धरून ठेवायचा नाही, दाबायचा नि सोडायचा, एकदा पुढचा, एकदा मागचा, असं मलासुद्धा सांगायचा. जसं काही मीच उद्या किटल्या घेऊन निघणार होते. साळू पोरीला मांडीवर घेऊन शेजारी बसलेली असायची. "रिम झिजतीया गं," तो तिला म्हणायचा, "ह्ये रबर खातंय तिला." गोठ्यातली म्हैस आजारी असल्यासारखं तोंड करून म्हणायचा.

साळूनं ते मनावर घेतलं. तिच्या वडलांचं, यल्लाप्पांचं घर शेतकऱ्याचं. जिथं घासतं तिथं तेल घालायचं, हे तिला बोलायला यायच्या आधीपासून ठाऊक. गाडीच्या आसाला वंगण, मोटेच्या चाकाला तेल. आणि खंडेनवमीला यल्लाप्पा आपली सायकल धुवून हांडलापासून रिमपर्यंत गोडेतेलाच्या फडक्यानं पुसायचे, तोंड दिसेपर्यंत. तिकडं सपाटीला ब्रेक कोण दाबतो? पाय टेकला की सायकल उभी. तेलानं तिथं कधी कुणाचं काही बिघडलं नाही.

त्या खंडेनवमीला ज्ञानूनं सकाळी सायकलची पूजा केली. गंध लावलं, झेंडूची माळ घातली. दुपारी तो आडवा झाला आणि साळू वाटी घेऊन अंगणात आली. मी शेंगा फोडत होते. बघते तर ही चाक फिरवतेय आणि रिमला आतून-बाहेरून तेलाचं फडकं लावतेय, रबरांनासुद्धा.

"काय गं, सायकलीला न्हाऊ घालतीस व्हय?" मी म्हटलं.

"आक्का, आता ही झिजनार न्हाई बगा," ती म्हणाली. "त्येनला सांगू नगा. त्येंचं त्येनीच बगू द्या." नव्या नवरीसारखी लाजली. मी हसले. मी जन्मात कधी सायकलवर बसलेले नाही. मला काय ठाऊक?

दुसरा दिवस दसऱ्याचा. बासुंदी-श्रीखंडाला दूध जास्त लागतं, म्हणून ज्ञानू नेहमीपेक्षा लवकर, अंधारातच निघाला. घरापासून रस्त्यापर्यंत चढ आहे, तिथंवर तो सायकल ढकलतच न्यायचा. तेवढ्यात ब्रेक दाबायचं काही कारण पडत नाही. पुढं उतार लागला. मोठ्या वळणावरचा कठडा ओलांडून तो खाली गेला. सकाळी टेम्पोवाल्यांना आधी रस्त्यावर दूध दिसलं, मग किटली दिसली, आणि मग त्यांनी खाली डोकावून बघितलं.

आबा तेव्हा नुकतेच पेन्शनीवर आले होते. भावाला वर आणलं आणि त्यांनीच मोडकी सायकल खांद्यावर टाकून आणली, गोठ्यात ठेवली. मी पाण्याचा तांब्या घेऊन गेले तर ते चाकाजवळ बसलेले. रिमवरून बोट फिरवलं, नाकाला लावलं आणि माझ्याकडं बघितलं.

"ह्ये कुनी केलं?"

माझी नजर दाराकडं गेली. बाहेर अंगणात साळू बायकांच्या घोळक्यात बसली होती. ज्या हातांनी केलं ते हात ती कपाळावर बडवून घेत होती. आबांना कळलं.

बाहेर लोकांची कुजबुज सुरू झालीच होती. वळण रोजचं, माणूस रोजचा, मग असं झालं कसं? कुणीतरी म्हणालं, सायकल बघूया. आबा उठले. मला एवढंच म्हणाले, "दारूनं गेला म्हटलं तर ती रडंल, चिडंल, पन जगंल. तेलानं गेला म्हटलं तर ती जगनार न्हाई." आणि मी काही बोलायच्या आत अंगणात जाऊन सगळ्यांदेखत म्हणाले, "सायकलीत काय बघायचंय? पिला हुता. मला वास आला."

शपथेचं त्यांना ठाऊक नव्हतं हो! मला होतं. मी दारातच होते, पण शब्द सुटून गेला होता. साळूचं रडणं तिथल्या तिथं थांबलं. तिनं वर बघितलं, मग मांडीवरच्या संयोगिताकडं बघितलं, आणि तिच्या डोक्यावर दोन्ही हात धरले, वरून काही पडणार असल्यासारखे. ते हात मी अजून विसरलेले नाही.

सायकल आबांनी भंगारात घातली. साळू जगली, आबा म्हणाले तसंच. स्ट्रॉबेरीच्या रानात रोजानं जायला लागली, पोर वाढवली. पण कशी जगली ते आम्ही बघितलंय. ज्ञानूचं नाव तिनं टाकलं. पितृपक्षात त्याचं पान वाढायला बसली नाही, त्या दिवशी मुद्दाम कामावर जायची. "लेकीच्या डोक्यावरचा हात खोटा करून गेला त्यो," म्हणायची. "मला रांडाव केलं त्याचं काय न्हाई, आक्का. पन ह्या पोरीवर शपथ ठिवून गेला." पोरीला ताप आला की शपथ फिरली. पोर झाडावरून पडली की शपथ फिरली. दर अमावास्येला लिंबू उतरवणं, गुरुवार, रविवार, देवीचे मंगळवार, सगळे उपास हिच्याच अंगावर. अंगाचं पार चिपाड झालं. मी आबांना कितीदा म्हटलं, आवं, सांगून टाका, ती भलत्याच भुताला भिऊन मरतीया. ते म्हणायचे, "खरं भूत दावू का मग तिला?" 

त्यात एक गंमत बघा, म्हणजे गंमत कसली, जीव तुटायचा. साळू रागानं काहीबाही बोलायची आणि बोलता बोलता मध्येच थांबून म्हणायची, "सुटली हुती ओ त्येची. मला वाटलं हुतं, खरंच सुटली." मी चुलीत फुंकर घालत बसायची. धुरानं डोळ्यांना पाणी येतं, तेवढी सोय.

संयोगिता आठवीत गेली. शाळा खाली, घाट उतरून. मुलींना सायकली मिळाल्या, हिलाही मिळाली. जाताना बसून, येताना ढकलत. साळूनं पहिले दोन दिवस जेवण सोडलं. त्याच घाटानं, त्याच वळणावरून! पण पोरीला शाळा सोड म्हणायची तिची तयारी नव्हती. आबा स्वतः रोज संध्याकाळी सायकल बघायचे. ज्ञानू करायचा तसंच सगळं, रबरातले खडे काढायचे, रिम धुऊन कोरडी पुसायची, आणि पोरीलाही तेच शिकवायचे, ब्रेक धरून ठिवू नगंस, दाब नि सोड.

श्रावणात पाऊस, रस्त्यावर कडेचा मुरूम वाहून आलेला. एक दिवस पोर घरी येऊन म्हणाली, "आई, ब्रेक दाबला की करकर वाजतंय, रिमवर चरे पडलेत." झालं. दुसऱ्या दिवशी सकाळी मी अंगणात आले तर सायकलचं चाक चमकतंय. बोट लावलं. तेल.

मी साबणाचं पाणी केलं आणि रिम खसाखसा घासली, रबरं घासली. साळू आली. "सायकलवाला म्हनाला, रिम साबनानं धुवायची," मी थाप मारली. ती "बरं" म्हणाली. मला वाटलं, निभावलं. पण तिसऱ्या दिवशी परत तेल. परत धुतलं. मी तेलाची बाटली माझ्या खोलीत नेऊन ठेवली, तर बया शेजारून वाटीभर मागून आणली. लेकीच्या डोक्यावर शपथ लटकतेय, घाट पुढ्यात आहे, आणि आईला करता येण्यासारखं एवढं एकच तिला ठाऊक. ती कशाची ऐकते!

त्या सकाळी पोर दप्तर अडकवून सायकलचा हांडल धरून उभी. पाऊस उघडला होता. आबा ओट्यावर चहा पीत होते. साळू फडकं घेऊन पुढच्या चाकाशी बसलेली. मी भाकरी तव्यावर टाकून बाहेर आले आणि बघितलं, आणि माझं डोकं फिरलं.

"साळू, ठिव ती वाटी खाली!"

"आवं, झालंच की, मागचंच ऱ्हायलंय."

"पुस ते. आधी पुस. संयू, तू जागची हालू नगंस."

"का पन, आक्का?" ती मान वर करून म्हणाली. "रिम झिजतीया तिची. घासतंय तितं तेल नगं का?"

"आगं, तेल लावलं की ब्रेक लागत न्हाई!" मी ओरडले. "रबर घसरतंय. कितीबी दाबलं तरी सायकल थांबत न्हाई!"

"जाई!" आबा ओट्यावरून म्हणाले. यांनी मला चारचौघांत नावानं कधी हाक मारलेली नाही. मी त्यांच्याकडं बघितलं नाही. बघितलं असतं तर गप बसले असते, आणि पोर निघाली असती.

साळू फडकं धरून बसलेली. माझ्याकडं बघितलं, आबांकडं बघितलं. काही तरी मनात जुळवत होती, सावकाश. मग ती उठली आणि ओट्याच्या पायरीशी गेली.

"आबा, तुमाला वास आला हुता न्हवं?"

आबांनी कप खाली ठेवला. हा माणूस फौजेत एवढं बघून आलेला, पण त्यांना तिच्याकडं बघवेना.

"न्हाई आला," ते म्हणाले.

"पिले न्हवते?"

"न्हाई, पोरी. एक थेंब न्हाई."

आणि साळू हसली! देवाशपथ सांगते, हसली. कितीतरी वर्षांत मी तिचे दात बघितले नव्हते. धावत जाऊन तिनं संयोगिताचं तोंड दोन्ही हातांत धरलं. "संयू, मोडली न्हाई गं! तुज्या बापानं शपथ मोडली न्हाई! तुला कायबी व्हनार न्हाई, बगितलंस? खरंच सुटली हुती त्येंची!" पोरीचे गाल, कपाळ, केस, सगळं कुरवाळत होती. पोर बावरून माझ्याकडं बघतेय. त्या घडीला मी देवाला म्हटलं, आता हिचं डोकं इथंच थांबव. हिला एवढंच दे. पुढचं नको.

पोरीनं गालावरून हात फिरवला. "आई, तेल लागलं की सगळं," ती म्हणाली.

साळूनं आपल्या हातांकडं बघितलं. मग सायकलीकडं. हसू तोंडावर तसंच होतं, ते कुठं ठेवावं हे तिला कळत नव्हतं. हळूहळू खाली बसली, चाकाजवळ, ओल्या जमिनीवर. मी जाऊन तिला धरलं. रडली असती तर बरं झालं असतं. चुलीवर भाकरी जळत होती, तिचा वास अंगणात आला, कुणी उठलं नाही.

मग ती माझ्याकडं वळली. आवाज अगदी साधा होता.

"आक्का, त्येनी दाबला आसंल न्हवं ब्रेक? दोनी हातांनी दाबला आसंल."

खोटं काय बोलावं, ते मला सुचलं नाही. एवढं तोंड माझं, पण त्याला एवढंच आलं.

"दाबला आसंल, बाई," मी म्हटलं. "लय दाबला आसंल."